वाचकांचे प्रश्न : मूल आज नेमके कुठे आहे?

शाळेतील अध्यापन आणि मुलांचे प्रत्यक्ष शिकणे या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कोकणपट्टीतील आहेत, म्हणून या वेळी त्यांनाच प्राधान्य दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली असून लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून पट सतरा आहे. सहकारी गुरुजींची आंतरजिल्हा बदली झाल्यापासून दुसरी जागा रिक्त असून चारही वर्ग माझ्याकडेच आहेत. तिसरीतील दोन मुलांना अद्याप जोडाक्षरे वाचता येत नाहीत, तर दुसरीतील एक मुलगी चौथीचे पुस्तक सहज वाचते. एकाच खोलीत चार इयत्तांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा कसा?
— एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर : बाई, आधी कायद्याची बाजू पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे लागतात, आणि सतरा पटाची शाळा त्याला अपवाद नाही. रिक्त जागेचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने करावा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून त्याचा पाठपुरावा करत राहावा. आम्ही पुढे जे सुचवणार आहोत त्याचा आधार घेऊन ‘एका शिक्षकावरही भागते’ असे कोणी म्हणू नये, यासाठी हे आधीच नोंदवले.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य जोडाक्षरांविषयीचे आहे. कोणते मूल कोठे अडले आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातील शिक्षकाला नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून दिवसाचा काही भाग इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला आज काय येते त्यानुसार गट करून शिकवावा. ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत देशात अनेक ठिकाणी वापरली असून तिची काटेकोर तपासणीही झालेली आहे. या तपासण्यांतून पुढे आलेली एक गोष्ट धोरण आखणाऱ्यांना फारशी रुचत नाही. शिक्षकांना केवळ प्रशिक्षण व साहित्य देऊन वर्ग नेहमीप्रमाणे चालू ठेवला, तर मुलांच्या वाचनात फारसा फरक पडत नाही. मात्र शाळेच्या वेळापत्रकात रोज ठराविक वेळ राखून, त्या वेळेत इयत्तेऐवजी पातळीनुसार मुले बसवली, तर फरक दिसतो. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या कामाचा एक मोठा भाग याच प्रयोगांचा आहे.

आरंभी प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून वाचायला द्यावे. मुलांना वाचता येते का आणि गणिते जमतात का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी चढण त्यासाठी पुरेशी आहे : अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जेथे अडखळते तो त्याचा गट. सतरा मुलांत बहुधा तीन गट पडतील. तिसरीतील मूल पहिलीच्या मुलांबरोबर बसल्याने त्याला कमीपणा वाटू नये, म्हणून गटांना इयत्तेची अथवा ‘हुशार-कच्चे’ अशी नावे देऊ नयेत आणि गट कायमचेही करू नयेत. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ऐकावे. जे मूल पुढे गेले त्याला लगेच पुढच्या गटात हलवावे. गट वर्षभर तसाच राहिला तर ती मुलांची वर्गवारी होते, आणि मग या पद्धतीचा अर्थच उरत नाही.

एका गटाला आपण शिकवत असताना उरलेल्यांनी काय करावे, ही बहुवर्ग अध्यापनातील खरी अडचण आहे. सामान्यतः त्यांना पाढे लिहायला किंवा पुस्तकातील पाठ उतरवायला बसवले जाते. त्याने शांतता मिळते, परंतु शिकणे फारसे होत नाही. त्याऐवजी जोडीने वाचन द्यावे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे आणि नंतर वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगायचे. आपली दुसरीतील ती मुलगी येथे उपयोगी पडेल. मात्र तिला रोजच्या रोज छोटी बाई करून टाकू नये. तिलाही तिच्या पातळीचे नवे काही मिळालेच पाहिजे.

परिसर अभ्यास आणि गोष्टी यांसाठी चारही इयत्ता एकत्र घ्याव्यात. जुलैमध्ये शाळेच्या खाली लावणी चालू असेल, तर एक दिवस तोच पाठ. पहिलीच्या मुलांनी तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी मोजाव्यात आणि चित्र काढून तोंडी सांगावे, दुसरीने पाच-सहा वाक्ये लिहावीत, तिसरीने एका कुणग्याला (भाताच्या खाचराला) किती मुठी लागल्या यावरून अशा चार कुणग्यांचा हिशेब करावा आणि चौथीने घरातील मोठ्यांना विचारून बियाण्यांच्या जुन्या-नव्या जातींची नोंद करावी. विषय एक आणि अपेक्षा चार, असे झाले की चार अभ्यासक्रमांचे ओझे निदान काही तासांपुरते तरी हलके होते.

गणितातही उत्तर चूक की बरोबर एवढेच पाहून थांबू नये. ५२ वजा २७ या उदाहरणाचे उत्तर एका मुलाने ३५ लिहिले आणि दुसऱ्याने ७९ लिहिले, तर दोघांच्याही वहीत लाल फुलीच पडते. पहिल्याने एकक स्थानी लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला आहे, म्हणजे दशक सुटा करणे त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याने चिन्ह न पाहता बेरीज केली आहे. पहिल्याला माडाच्या हिरांच्या (झावळीच्या काड्यांच्या) दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुटे हीर द्यावेत आणि त्यातून सात हीर काढून मागावेत. जुडी सोडल्याशिवाय ते देता येत नाहीत, हे त्याच्या हाताला कळले की मग कागदावरची रीत दाखवावी. दुसऱ्याला या सगळ्याची गरज नाही. त्याला फक्त चिन्हाभोवती गोल करण्याची सवय लावावी.

अभ्यासक्रम पूर्ण होईल का, ही आपली चिंता रास्त आहे. राष्ट्रीय पातळीवर ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामुळे मूळ वाचन-गणनासाठी राखलेला वेळ हा अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असे कोणी अधिकारी म्हणू लागले, तर त्यांना हेच उद्दिष्ट दाखवावे.

प्रश्न : मी मच्छीमार कुटुंबातील आई आहे आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आले. बैठकीत रंगरंगोटी, कुंपण आणि पंधरा ऑगस्टचा खाऊ यांवरच चर्चा होते. मुले शिकतात की नाही हे विचारायचे असते, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने संकोच वाटतो. शिवाय बैठक दुपारी उशिरा ठेवतात आणि तेव्हा आम्ही बंदरावर लिलावात असतो.
— एक सदस्या, दापोली तालुका

उत्तर : ताई, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असावयास हव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. बैठकीची वेळ पालकांना सोयीची असावी, हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. बंदरावरच्या स्त्रियांना येता येणार नाही अशा वेळी घेतलेली बैठक कागदोपत्री पूर्ण होईल, पण ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांचा आवाज तिच्यात नसेल. वेळ बदलण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत मांडा.

मुले शिकतात का, हे विचारण्यास पदवी लागत नाही. मुख्याध्यापकांना तीनच गोष्टी विचाराव्यात. तिसरी-चौथीतील किती मुले न अडखळता गोष्ट वाचतात? जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी रोज किती वेळ राखला आहे? मागच्या बैठकीपासून त्यांच्यापैकी किती पुढे गेली? उत्तर आकड्यांत मागावे. मात्र मुलांची नावे बैठकीत घेऊ देऊ नयेत. शिक्षकांना उलटतपासणीला उभे केल्यासारखे वाटणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अनेकदा त्यांनाच कोणीतरी हे विचारावे अशी इच्छा असते. शिक्षक वर्गाबाहेरच्या कामांत अडकत असतील तर तेही नोंदवून घ्यावे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना त्यांना जुंपू नये असे कलम २७ सांगते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट समितीच पाहू शकते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात घरातील मोठी माणसे गावात असतात आणि मुलांची हजेरी बहुधा बरी असते; नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या समुद्रात जाऊ लागल्या की मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरची हजेरी जून-जुलैच्या हजेरीशेजारी ठेवून पाहावी. कोणत्या घरांतून मुली येत नाहीत हे शाळेपेक्षा आपल्याला अधिक चांगले ठाऊक असेल, आणि लहानग्यांची सोय अंगणवाडीत होऊ शकते का हे आपणच बोलून ठरवू शकाल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शिकवून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग ‘हो सर’ म्हणतो. घटक चाचणीत मात्र निम्मे पेपर कोरे असतात. पेपर बारकाईने तपासून शेरे लिहितो, तरी तीच चूक पुन्हा होते. कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात अव्वल असतो असे आम्ही अभिमानाने सांगतो. मग वर्गात हे असे का?
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : सर, निकालाचा अभिमान रास्त आहे. तथापि बोर्डाचा निकाल दहावीअखेर उत्तीर्ण किती झाले ते सांगतो. आठवीच्या वर्गात मंगळवारी कोणाला काय कळले नाही हे त्यावरून समजत नाही, आणि शिकवण्यात सुधारणा करायची तर आपल्याला तेच समजायला हवे.

‘समजले का?’ हा प्रश्न शक्य तितका टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला समजलेले नाही त्याला बहुधा आपल्याला काय समजले नाही हेच सांगता येत नाही, आणि चारचौघांत ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य तर त्याहून दुर्मीळ. त्याऐवजी एक छोटे उदाहरण फळ्यावर लिहून सर्वांनी उत्तर पाटीवर किंवा कागदावर लिहून एकाच वेळी वर धरावे. (पाट्या पुन्हा वर्गात आणाव्यात म्हटले की काही सहकारी हसतात, हसू द्यावे.) (अ + ब) चा वर्ग विचारल्यावर वीस पाट्यांवर अ वर्ग अधिक ब वर्ग दिसले, तर पुढील सूत्राकडे जाण्यात काही अर्थ नाही. तेथेच अ बरोबर २ आणि ब बरोबर ३ धरून दोन्ही बाजू काढायला सांगाव्यात. एकीकडे २५ येतात, दुसरीकडे १३. उरलेले बारा गेले कोठे, हे मुलांना शोधू द्यावे; चौरसाची आकृती काढली तर दोन आयत त्यांना आपोआप दिसतील. हे सारे दहा मिनिटांचे काम आहे, आणि घटक चाचणीनंतरच्या फेरशिकवणीपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

तोंडी प्रश्न विचारताना थांबण्याकडेही लक्ष द्यावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असे तिला आढळले. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ असे म्हणणे कमी झाले. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. वर्गासमोर उभे राहून गप्प थांबताना ते फार मोठे वाटतात. प्रश्न आधी विचारावा, मग थांबावे आणि नाव शेवटी घ्यावे. नाव आधी घेतले की उरलेला वर्ग सुटकेचा श्वास सोडून विचार करणे थांबवतो.

आता शेऱ्यांविषयी. इस्रायलमधील रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास येथे उपयोगी पडेल. ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांचे पुढील काम सुधारले. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले त्यांचे सुधारले नाही. कारण सरळ आहे : गुण दिसले की मूल शेजाऱ्याचे गुण पाहते आणि शेरा वाचतच नाही. चाचणीचे गुण आपल्याला द्यावेच लागतील; परंतु रोजच्या वहीत गुण न देता एकच शेरा लिहावा, आणि तोही मुलाला काही करायला लावणारा असावा. ‘लक्ष द्या’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘तिसऱ्या पायरीत चिन्ह बदलले आहे, ती पायरी पुन्हा करून खाली लिही’ हा शेरा उपयोगी आहे, मात्र ती दुरुस्ती करण्यासाठी पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे राखून ठेवली तरच. शेरा लिहायला लागणारा वेळ मोठा आहे, तो वाचायलाही वर्गातच वेळ दिला पाहिजे.

तीच चूक पुन्हा होण्यामागे विसरणे हेही एक कारण असते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते, पण आठवडाभरानंतर स्वतःची चाचणी घेतलेल्यांना अधिक आठवते. म्हणून तासाच्या आरंभी तीन उदाहरणे द्यावीत : एक कालच्या पाठावरचे, एक मागच्या आठवड्यातले आणि एक गणपतीच्या सुटीपूर्वीचे. पुस्तक उघडू देऊ नये आणि त्याचे गुणही धरू नयेत.

प्रश्न : माझा नातू पाचवीत आहे. त्याचे आई-वडील मुंबईला असतात, तो आमच्याजवळ राहतो. घरात आम्ही सगळे मालवणी बोलतो. शाळेत त्याला शुद्ध बोल म्हणून टोकतात, म्हणून तो आता वर्गात बोलतच नाही. मला फारसे लिहिता-वाचता येत नाही. मोबाईलवरील अभ्यासाच्या चित्रफिती त्याला पाहू द्याव्यात का? मी काय करू?
— एक आजी, मालवण तालुका

उत्तर : आजी, घरात मालवणी बोलणे मुळीच सोडू नका. मुलाचा विचार ज्या भाषेत पळतो ती अडवली की तो विचारच बोलून दाखवत नाही, आणि तुमच्या नातवाचे नेमके तेच झाले आहे. शाळेत जाऊन गुरुजींना एवढेच सांगा की त्याला आधी ‘माका समाजला नाय’ असे म्हणू द्यावे, तेच वाक्य प्रमाण मराठीत कसे लिहायचे ते नंतर शिकवावे. लेखनात प्रमाण भाषा त्याला यायलाच हवी. पण बोलणे बंद पाडून ती येणार नाही.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि पुस्तक मिटून त्यात काय होते ते तुम्हाला मालवणीत सांगायला लावा. मधेच प्रश्न विचारा : तो तसे का वागला, पुढे काय होईल? तुम्हाला वाचता येत नाही ही येथे अडचण नाही, उलट सोय आहे, कारण त्याला तुम्हाला खरोखरच समजावून सांगावे लागेल. मोबाईलवरील अभ्यासाच्या चित्रफितींविषयीही आपण विचारले आहे. पाहिल्यानंतर तो काही सांगू शकत असेल तर पाहू द्या. नाही तर बंद ठेवा.

प्रश्न : मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचे काम पाहतो. दरमहा केंद्राची शिक्षण परिषद होते. तीत परिपत्रके वाचली जातात, एखादे व्याख्यान होते, चहा होतो आणि सर्व जण घरी जातात. शिक्षकांच्या वर्गात त्याने काही बदलत नाही. परिषद उपयोगी कशी करावी?
— डहाणू तालुका

उत्तर : साहेब, आपल्याच तालुक्यात याचे उत्तर एकदा दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुले कोठे आहेत हे आधी पाहायचे आणि मग शिकवण्याची रीत ठरवायची, हा त्यांच्या कामाचा क्रम होता. आपल्या परिषदेत बहुधा तो उलटा आहे : रीत वरून ठरून येते आणि मुलांच्या वह्या परिषदेत कधी येतच नाहीत.

म्हणून परिपत्रके व्हॉट्सॲपवर पाठवावीत. परिषदेला येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील पाच वह्या आणाव्यात. सर्वांनी आधी ठरवलेले एकच उदाहरण किंवा एकच परिच्छेद त्यांत सोडवलेला असावा. चार-चारच्या गटांत बसून त्या वह्या वाचाव्यात आणि मूल काय विचार करून तेथे पोचले असेल एवढेच बोलावे. शिक्षक कसे शिकवतात यावर आरंभी चर्चा नको. तशी सुरुवात झाली की माणसे बचाव करू लागतात. त्यानंतर पुढील महिन्यात त्या चुकीसाठी एक पाठ सर्वांनी मिळून तयार करावा, तो एका शिक्षकाने प्रत्यक्ष वर्गात घ्यावा आणि इतरांनी मागे बसून शिक्षकाऐवजी मुलांकडे पाहावे. जपानमध्ये पाठाचा असा सामूहिक अभ्यास करण्याची परंपरा जुनी आहे. पाठ घेणारे पहिले शिक्षक आपण स्वतः झालात तर पुढचे नाव मिळायला अडचण येणार नाही, आणि पाठ फसला तरी परिषदेचे काम थांबणार नाही, कारण तो का फसला हे पाहण्यासाठीच सर्व जण जमलेले असतील. इतिवृत्त एक पानाचे पुरे : कोणती चूक आढळली, कोणता पाठ ठरला, कोणत्या शाळेत व कोणत्या तारखेला.